पेढीवरचा संगणक दिवाणखान्यात

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत व्यापारी घरांत दोन वस्तू हमखास हाती येतात आणि पुसून पुन्हा होत्या तेथेच ठेवल्या जातात. पहिली म्हणजे माळ्यावरची पत्र्याची पेटी. तीत घरातील लग्ने, बारशी, नव्या दुकानाचा मुहूर्त, थोरल्यांची एकसष्टी यांच्या व्हिडिओ कॅसेटी असतात. पण त्या लावण्याचे यंत्र बंद पडून वर्षे लोटलेली असतात. दुसरी वस्तू पेढीवरच्या टेबलाखाली सापडते. हिशेबाच्या कामातून निवृत्त झालेला, चालू स्थितीतला, पण आता कोणी हात न लावणारा संगणक.

या दुसऱ्या वस्तूंची संख्या अलीकडे एकाएकी वाढली आहे, आणि त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबविला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि बहुतांशी इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१६-१७ च्या सुमारास घेतलेले, अजून उत्तम चालणारे कितीतरी संगणक हिशेबाच्या आणि बँकेच्या कामासाठी अयोग्य ठरले. आयकराच्या नियमांनुसार संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा मिळतो. म्हणजे शंभर रुपयांच्या यंत्राची किंमत पाच वर्षांनी वहीत जेमतेम आठ रुपये उरते. वहीत ती संपलेली असते, पण यंत्रात काम उरलेले असते.

माळ्यावरची पेटी आणि टेबलाखालचा संगणक या दोन्ही अडगळींनी एकमेकींचा प्रश्न सोडवावा, अशी एक सोय आहे. तिला होम थिएटर संगणक म्हणतात. दूरदर्शन संचाला जोडलेला, दिवाणखान्यात शांतपणे बसणारा आणि कुटुंबाचे सर्व चित्रीकरण, छायाचित्रे व गाणी एका ठिकाणी ठेवून रिमोटच्या एका कळीने दाखविणारा संगणक, एवढीच त्याची साधी व्याख्या.

कल्पना जुनी, सोय नवी

ही कल्पना आजची नाही. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये दिवाणखान्यासाठी विंडोज एक्सपीची ‘मीडिया सेंटर’ ही स्वतंत्र आवृत्ती आणली होती. पुढे २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा ती सोय काढून टाकण्यात आली. त्याच २००२ च्या सुमारास काही हौशी संगणकतज्ज्ञांनी एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर चित्रफिती दाखविणारी एक प्रणाली लिहावयास घेतली. तिचे नाव कालांतराने ‘एक्सबीएमसी’ आणि २०१४ पासून ‘कोडी’ झाले. कोडी आजही विनामूल्य आहे आणि तिची देखभाल नफ्यासाठी न चालणारी एक संस्था करते. होम थिएटर संगणकाच्या जगात तिचे स्थान घरातल्या जाणत्या दिवाणजीसारखे आहे. माल तिचा नसतो, पण कोणता माल कोठे आहे हे तिला नेमके ठाऊक असते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. कोडी स्वतःबरोबर एकही चित्रपट देत नाही. ‘सर्व चित्रपट फुकट’ म्हणून बाजारात विकल्या जाणाऱ्या खोक्यांत तिचेच रूप वापरलेले असले, तरी तो मार्ग चोरीचा आहे आणि प्रामाणिकपणे व्यापार करणाऱ्या घराला तो शोभत नाही. अशा स्वस्त, नाव नसलेल्या अँड्रॉइड खोक्यांचा दुसरा धोका म्हणजे त्यांत कारखान्यातूनच घुसविलेल्या घातक प्रणाली. ‘बॅडबॉक्स २.०’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा जाळ्याविषयी अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये जाहीर इशारा दिला होता. ज्या वायफायवरून पेढीचे बँक-व्यवहार होतात, त्याच वायफायवर असे खोके बसविणे म्हणजे गोदामाची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देणे होय.

खरेदीपूर्वी गरजेची यादी

कोणताही व्यापारी गिऱ्हाइकाची गरज पाहून माल भरतो. येथे गिऱ्हाईक घरातीलच असते, तरीही यादी प्रथम करावी. घरी पाहिल्या जाणाऱ्या गोष्टींचे तीन भाग पडतात.

पहिला भाग स्वतःच्या मालकीचा. कॅसेटी, जुन्या व्हीसीडी आणि डीव्हीडी, मोबाइलमधील छायाचित्रे आणि चित्रफिती. दुसरा भाग वर्गणी भरून पाहण्याच्या ओटीटी सेवांचा. तिसरा भाग नेहमीच्या वाहिन्यांचा.

यांपैकी दुसरा भाग संगणकावर टाकू नये, हे आरंभीच सांगितलेले बरे. ओटीटी सेवा आपले उच्च प्रतीचे चित्र केवळ प्रमाणित उपकरणांनाच देतात. लिनक्सवरील ब्राउझरला हे वरच्या पातळीचे प्रमाणपत्र नसल्यामुळे तेथे वर्गणी ४के ची भरली तरी चित्र ४के चे मिळत नाही. विंडोजवरही त्यासाठी प्रोसेसर, पडदा आणि जोडणी या सर्वांनी ठरावीक अटी पूर्ण कराव्या लागतात. हे काम स्मार्ट टीव्हीचे अ‍ॅप किंवा नामांकित कंपनीची छोटी स्ट्रीमिंग स्टिक कमी खर्चात आणि अधिक चांगले करते. तिसरा भाग सेट-टॉप बॉक्सकडेच राहू द्यावा. म्हणजे संगणकाकडे उरतो तो पहिला भाग, कुटुंबाचा स्वतःचा ठेवा. एवढे ठरले की निवड निम्म्याने सोपी होते आणि खर्चही उतरतो.

प्रोसेसर: वेगापेक्षा पिढी महत्त्वाची

दुकानदार प्रथम प्रोसेसरचा वेग सांगतो. या कामात मात्र वेगापेक्षा एक वेगळा गुण पाहावा लागतो. डिजिटल चित्रफीत ही घडी घालून दाबलेल्या कापडाच्या गाठीसारखी असते. दाखविताना ती सेकंदासेकंदाला उलगडावी लागते. हे उलगडण्याचे काम प्रोसेसरमधील खास मंडल करीत असेल, तर यंत्र थंड आणि शांत राहते. ते मंडल त्या विशिष्ट घडीसाठी नसेल, तर संपूर्ण प्रोसेसर राबू लागतो, पंखा घोंघावतो आणि चित्र अडखळते.

घडीचे प्रकार मोजकेच आहेत. जुन्या मोबाइलच्या आणि बहुतेक सर्वसाधारण चित्रफिती ‘एच.२६४’ या पद्धतीच्या असतात. २०११ नंतरचा इंटेलचा जवळपास प्रत्येक घरगुती प्रोसेसर त्या सहज उलगडतो. नवे मोबाइल ‘एचईव्हीसी’ पद्धतीने चित्रीकरण करतात. तिचा साधा, म्हणजे ८ बिटांचा प्रकार इंटेलच्या सहाव्या पिढीपासून आणि १० बिटांचा प्रकार सातव्या पिढीपासून उलगडला जातो. ‘एव्ही१’ ही त्याहून नवी पद्धत. तिच्यासाठी अकरावी पिढी लागते. पिढी ओळखणे अवघड नाही. संगणकाच्या माहितीत ‘आय५-७५००’ असे लिहिले असेल, तर ७५०० मधील पहिला ७ हा आकडा सातवी पिढी दर्शवितो.

यावरून निर्णयाचा सोपा नियम निघतो. पेढीवरचा संगणक सहाव्या किंवा सातव्या पिढीचा असेल, तर तो नि:शंकपणे दिवाणखान्यात न्यावा. चौथ्या-पाचव्या पिढीचा असेल, तर तो जुन्या कॅसेटी, डीव्हीडी आणि छायाचित्रे उत्तम दाखवील. केवळ नव्या मोबाइलमधील ४के चित्रफितींपाशी अडेल. त्याहून जुना असेल, तर त्याला नियमानुसार ई-कचरा संकलकाकडे सोपवावे. त्यासाठीचे नियम २०२२ मध्ये निघाले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. भंगारवाल्याला वजनावर देणे हा त्याचा योग्य शेवट नव्हे.

नवीनच घ्यावयाचा असेल, तर दोन पर्याय विचारात घेण्याजोगे आहेत. इंटेलच्या ‘एन१००’ या प्रोसेसरवर चालणारे, डब्याएवढे छोटे संगणक मिळतात. या प्रोसेसरची विजेची मर्यादा अवघी ६ वॅट आहे आणि तो एव्ही१ सह वरील सर्व पद्धती उलगडतो. दुसरा पर्याय ‘रास्पबेरी पाय’ या तळहाताएवढ्या संगणकाचा. त्याच्या २०१९ च्या चौथ्या आवृत्तीत एचईव्हीसी आणि एच.२६४ या दोन्हींसाठी मंडल होते. २०२३ च्या पाचव्या आवृत्तीत एचईव्हीसीचे ठेवून एच.२६४ चे काढण्यात आले, कारण तिचा मुख्य प्रोसेसर ते काम स्वबळावर करण्याइतका समर्थ झाला होता. रास्पबेरी पायला टीव्हीचाच रिमोट चालतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. तिच्याविषयी पुढे येईलच.

जुना की नवा: विजेचा रोजमेळ

जुना संगणक फुकट आणि नवा विकत, म्हणून जुना स्वस्त, असे व्यापारी मन लगेच मानणार नाही. विजेचा हिशेब मांडून पाहावा. जुना टेबलावरचा संगणक स्वस्थ असताना सुमारे ४० वॅट आणि छोटा नवा संगणक सुमारे १० वॅट वीज घेतो असे धरू. फरक ३० वॅटचा. संगणक दिवसरात्र चालू ठेवला, तर हा फरक वर्षाला सुमारे २६३ युनिट होतो. युनिटला १० रुपये धरल्यास २,६०० रुपयांहून थोडे अधिक. तोच संगणक रोज तीन तास चालवून नंतर बंद केला, तर वर्षाचा फरक सुमारे ३३ युनिट, म्हणजे ३३० रुपयांच्या आसपास.

निष्कर्ष उघड आहे. संध्याकाळी लावून रात्री बंद करणाऱ्या घराला जुना संगणकच परवडतो. घरातील सर्वांचे मोबाइल रात्रंदिवस ज्यात छायाचित्रे साठवतील, असा सदा जागा भांडारी हवा असेल, तर नवा छोटा संगणक काही वर्षांत स्वतःची किंमत भरून काढतो.

स्मृती, साठवण, जोडणी आणि आवाज

रॅम ४ जीबी असली तरी काम भागते. ८ जीबी असल्यास पुरेपूर. जुन्या संगणकात फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असेल, तर ती काढून तेथे लहान एसएसडी बसवावी. जुन्या यंत्रावर करावयाचा हा एकच खर्च असा आहे की त्याचा फरक पहिल्या मिनिटाला जाणवतो. यंत्र उघडलेलेच असते, तेव्हा आतली धूळ ब्रशने काढावी, प्रोसेसरवरची वाळलेली उष्णतावाहक पेस्ट बदलावी आणि पंखा खरखरत असेल तर मोठ्या पात्याचा, सावकाश फिरणारा पंखा लावावा. पेढीच्या गजबजाटात जो आवाज ऐकूही येत नाही, तो रात्रीच्या शांत दिवाणखान्यात टोचतो.

टीव्हीशी जोडणी एचडीएमआय तारेने होते. सहाव्या-सातव्या पिढीच्या बहुतेक यंत्रांवरील एचडीएमआय जुन्या १.४ प्रतीची असते आणि ४के चित्र सेकंदाला ३० वेळांपेक्षा अधिक दाखवू शकत नाही. यंत्राला डिस्प्लेपोर्ट असेल, तर ‘अ‍ॅक्टिव्ह’ प्रकारचा रूपांतरक लावून ६० वेळांपर्यंत जाता येते. परंतु कौटुंबिक कॅसेटींचे चित्र मुळात ५७६ ओळींचे असते; त्यासाठी साध्या फुल एचडी जोडणीतही काही उणे पडत नाही.

याच जागी एक बारीक पण मोलाची मांडणी करावी लागते. भारतातील जुने चित्रीकरण ‘पाल’ पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला २५ चित्रांचे आहे. चित्रपट २४ चित्रांचा असतो. संगणक मात्र टीव्हीला सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवितो. २५ चे ६० मध्ये समान वाटप होत नाही. काही चित्रे दोनदा तर काही तीनदा दिसतात आणि वरातीतला घोडा सरळ चालण्याऐवजी हिसके देत चालल्यासारखा भासतो. कोडीच्या मांडणीत चित्रफितीनुसार पडद्याचा वेग बदलण्याची सोय आहे. ती सुरू केली की पाल चित्रीकरण ५० च्या वेगाने, प्रत्येक चित्र नेमके दोनदा, असे दिसते आणि हिसके थांबतात.

आवाजासाठी टीव्हीचे स्वतःचे स्पीकर पुरेसे वाटत नसतील, तर साउंडबार किंवा अ‍ॅम्प्लिफायर टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय छिद्रात जोडावा. कौटुंबिक चित्रीकरणात खरा प्रश्न गडगडाटाचा नसून शब्द स्पष्ट ऐकू येण्याचा असतो. तेव्हा सहा-सात स्पीकरांपेक्षा समोरचे दोन चांगले स्पीकर घ्यावेत.

कार्यप्रणालीची निवड

आता मुख्य प्रश्न. संगणकावर कोणती कार्यप्रणाली चालवावी? व्यवहारात तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग विंडोज. यंत्र विंडोज ११ ला पात्र असेल आणि घरात सर्वांना तीच सवयीची असेल, तर तिच्यावर कोडी किंवा व्हीएलसी बसवून काम सुरू करता येते. तथापि अद्ययावत होण्याच्या सूचना, मध्येच सुरू होणारी आपोआपची कामे आणि दुरून न वाचता येणारी बारीक अक्षरे दिवाणखान्यात त्रासदायक ठरतात. यंत्र पात्र नसेल, तर आधार संपलेल्या विंडोज १० वर ते इंटरनेटला जोडून ठेवणे शहाणपणाचे नाही.

दुसरा मार्ग लिनक्सच्या सर्वसाधारण आवृत्तीचा. उबुंटू किंवा लिनक्स मिंट. या विनामूल्य आहेत, जुन्या यंत्रावर हलक्या चालतात आणि इंटेलच्या ग्राफिक्ससाठी लागणारी जोडणी त्यांच्या गाभ्यातच असते. चित्रे पाहण्याबरोबरच कॅसेटींचे रूपांतर, काटछाट, नावे देणे अशी कामे त्याच संगणकावर करावयाची असतील, तर हा मार्ग उत्तम. घरातील महाविद्यालयीन मुलगा किंवा मुलगी दोन-तीन संध्याकाळी देण्यास तयार हवी, एवढीच अट.

तिसरा मार्ग ‘लिब्रईएलईसी’चा. ही लिनक्सचीच, पण कोडी चालविण्यापुरती छाटलेली आवृत्ती आहे. २०१६ मध्ये ती ‘ओपनईएलईसी’ या आधीच्या प्रकल्पातून वेगळी झाली. यंत्र सुरू केले की थेट कोडीचा पडदा येतो; मध्ये ना डेस्कटॉप, ना पासवर्ड, ना सूचना. तिचा गाभा केवळ वाचता येण्याजोगा असल्याने चुकून काही पुसले जाण्याची भीती कमी. घरातील दुसऱ्या संगणकावरून वायफायमार्गे तिच्यात चित्रफिती टाकता येतात. जुन्या यंत्रावर ती आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. न आवडल्यास पेन ड्राइव्ह काढावा, संगणक पूर्ववत. आजी-आजोबांच्या हाती द्यावयाच्या यंत्रासाठी हाच मार्ग सर्वांत निर्धोक होय.

कोणताही मार्ग घेतला, तरी देवनागरीची परीक्षा पहिल्याच दिवशी घ्यावी. ‘श्रीक्षेत्र’, ‘ज्येष्ठ’, ‘वर्धापन’ अशा नावांच्या दोन-तीन फायली तयार करून जोडाक्षरे नीट उमटतात का हे पाहावे. न उमटल्यास मांडणीतून अक्षरशैली बदलून पाहावी. शेकडो फायलींना नावे दिल्यानंतर हा दोष ध्यानी येण्यापेक्षा आधी आलेला बरा.

रिमोटचा प्रश्नही येथेच सोडवावा. टीव्हीच्याच रिमोटने जोडलेले यंत्र चालविण्याच्या सोयीला ‘सीईसी’ म्हणतात. रास्पबेरी पायमध्ये ती आहे. साध्या टेबलावरच्या संगणकांत बहुधा नसते. तेथे यूएसबीत बसणारा सीईसी जोड मिळतो, किंवा स्पर्शपट्टी असलेला छोटा बिनतारी कळफलक चालतो. कोडीचे ‘कोरे’ हे अ‍ॅप अँड्रॉइड मोबाइललाच रिमोट बनविते. पण घरातील ज्येष्ठांना ओळखीचा रिमोटच हातात हवा असतो. ज्या यंत्राला हात लावताना संकोच वाटतो, ते कितीही उत्तम असले तरी पडून राहते.

दुकानाचा हिशेब घरी नेऊ नये

पेढीवरचा संगणक हलविण्यापूर्वी एक काम टाळता येणार नाही. त्याच्या डिस्कवर वर्षानुवर्षांचे हिशेब, गिऱ्हाइकांचे पत्ते, पॅन क्रमांक, बँकेची कागदपत्रे असतात. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. म्हणून टॅलीचा आणि इतर सर्व दप्तराचा उतारा प्रथम नव्या संगणकावर व एका स्वतंत्र डिस्कवर घ्यावा आणि तो उघडून पाहावा. त्यानंतरच जुनी डिस्क काढून कुलपात ठेवावी किंवा पूर्ण पुसणाऱ्या प्रणालीने कोरी करावी. नुसते ‘डिलीट’ केल्याने मजकूर जात नाही. त्याच्यापर्यंतची वाट तेवढी पुसली जाते. नवी एसएसडी बसवावयाचीच आहे, तेव्हा जुनी डिस्क घरी न नेणे हाच सोपा उपाय. यंत्र पेढीच्या मालमत्तेत दाखविलेले असेल, तर ते वहीतून कसे वगळावे हे सनदी लेखापालाला विचारून घ्यावे.

माळ्यावरच्या पेटीचा खरा मुद्दा

एवढी सिद्धता झाल्यावर पेटी खाली उतरवावी. कारण उशीर परवडणारी गोष्ट ती नव्हे. व्हिडिओ कॅसेट म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटविलेला चुंबकीय थर. आपल्याकडच्या पावसाळ्याच्या दमट हवेत त्या पट्टीवर बुरशी धरते आणि थर सैल होतो. ती वाचणारी यंत्रेही आता बनत नाहीत. व्हीसीआर बनविणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. म्हणजे जी चालू यंत्रे शिल्लक आहेत तेवढीच, आणि ती दरवर्षी घटत जाणार.

पेटीतील ऐवजाची वर्गवारी करावी. मोठ्या व्हीएचएस कॅसेटींसाठी चालू व्हीसीआर आणि यूएसबी कॅप्चर उपकरण लागते. ज्या कॅसेटीच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसते ती यंत्रात घालू नये. ती स्वतः खराब होतेच, शिवाय यंत्राचे हेड बिघडवून पुढच्या कॅसेटींनाही बाधा करते. अशा कॅसेटी अनुभवी व्यावसायिकाकडे द्याव्यात. छोट्या मिनीडीव्ही कॅसेटींवर चित्र मुळातच डिजिटल असते. ते कॅमेऱ्याच्या फायरवायर तारेने जसेच्या तसे उतरविता येते. आजच्या संगणकांना फायरवायरचे छिद्र नसते. पण पेढीवरच्या जुन्या टेबलावरच्या संगणकात त्याचे कार्ड बसविण्यास जागा असते. नव्या डब्याएवढ्या यंत्रांना जे जमत नाही ते येथे जुने यंत्र करून दाखविते. व्हीसीडी आणि घरी नोंदविलेल्या डीव्हीडी डीव्हीडी ड्राइव्हने उतरवाव्यात. त्या टिकाऊ आहेत हा समजही चुकीचाच, त्यांचा थरही काळाने निकामी होतो.

साठवणीचा अंदाज व्यापाऱ्याच्या पद्धतीने काढता येतो. तीन तासांच्या २० व्हीएचएस कॅसेटी म्हणजे ६० तास. तासाला साधारण ३.६ जीबी धरल्यास २१६ जीबी. एक तासाच्या ४० मिनीडीव्ही कॅसेटी, तासाला १३ जीबीप्रमाणे ५२० जीबी. पन्नास हजार छायाचित्रे, प्रत्येकी ५ एमबी, म्हणजे २५० जीबी. बेरीज ९८६ जीबी, सुमारे एक टीबी. पुढील वाढ धरून २ टीबीची डिस्क पुरते. बाहेरची डिस्क किंवा पेन ड्राइव्ह ‘फॅट३२’ पद्धतीने सिद्ध केलेला असेल, तर त्यात ४ जीबीहून मोठी फाईल मावत नाही; म्हणून ‘एक्सफॅट’ किंवा ‘एनटीएफएस’ निवडावी.

चित्र दाखविताना आणखी एक चूक सर्वत्र आढळते. जुने चित्रीकरण चारास तीन या प्रमाणाचे, तर आजचा टीव्ही सोळास नऊ प्रमाणाचा. चित्र ताणून पडदाभर केले की प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद दिसतो. कडेला काळे पट्टे राहू द्यावेत. सडपातळ नवरी सडपातळच दिसावी.

एक प्रत म्हणजे शून्य प्रत

कॅसेट हळूहळू खराब होते, हार्ड डिस्क मात्र एका सकाळी अचानक बंद पडते. म्हणून रूपांतर झाल्यावरच खरी जोखीम सुरू होते. यासाठी जगभर मानला जाणारा नियम तीन-दोन-एक असा आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक अन्य ठिकाणी. व्यापारी कुटुंबाला हे सांगणे सोपे आहे, कारण सर्व माल एकाच गोदामात ठेवू नये हे ते जाणतेच. एक प्रत दिवाणखान्यातील संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर कपाटात, तिसरी पेढीवर किंवा क्लाउडवर. घर आणि पेढी एकाच इमारतीत असल्यास तिसरी प्रत लेकीच्या सासरी ठेवावी. तिलाही तिचे माहेर पाहावयास मिळेल. वर्षातून एकदा, वहीपूजनाच्या सुमारास, तिन्ही प्रती उघडून पाहण्याचा नेम ठेवावा. वीज जाण्या-येण्याचा फटका डिस्कला बसू नये म्हणून संगणक यूपीएसवर घेणे हेही याच विम्याचा भाग होय.

नावे सांगणारी माणसे

सर्व यंत्रसामग्री जुळली, फायली रांगेत लागल्या, तरी एक काम उरते आणि ते कोणताही प्रोसेसर करू शकत नाही. ‘टेप ७’ असे नाव असलेल्या चित्रफितीत मांडवाच्या कोपऱ्यात बसलेले, डोक्यावर टोपी घातलेले गृहस्थ कोण? ते पणजोबांचे भागीदार, की नाशिकचे मामा? वाढपात पुढे असणारी ती तरुण मुलगी आज कोणाची आजी आहे? ही उत्तरे घरातील एक-दोन ज्येष्ठांकडेच असतात आणि ती कोठेही लिहिलेली नसतात. कॅसेट उरली आणि नाव सांगणारे माणूस गेले, तर पडद्यावर परक्यांचीच गर्दी राहते.

म्हणून प्रत्येक फायलीचे नाव वर्षापासून सुरू करावे: ‘१९९३ विवाह’, ‘२००१ दुकान मुहूर्त’, म्हणजे त्या आपोआप कालक्रमाने लागतात. त्यानंतर एखाद्या रविवारी दुपारी आजीला समोर बसवून चित्रफीत लावावी. नातवाने रिमोट धरावा, सुनेने वही. आजी सांगेल तेथे चित्र थांबवावे. किती मिनिटांनी कोण दिसते ते नोंदवावे. तिचे सांगणेही मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून त्याच फायलीशेजारी ठेवावे. खर्च शून्य, आणि मिळणारी वस्तू कोणत्याही बाजारात न मिळणारी.

आरंभ सगळ्या पेटीने करू नये. एका कॅसेटीने करावा. जी सर्वांत जुनी आणि जिच्यातील माणसांना ओळखणारे सर्वांत थोडे उरले आहेत, ती प्रथम घ्यावी. टीव्ही मोठा नसला तरी चालेल, प्रोसेसर जुना असला तरी चालेल. पेढीवर अनेक वर्षे दुसऱ्यांची येणी-देणी सांभाळलेल्या त्या यंत्राने आता घरच्यांची आठवण सांभाळावी, एवढी सेवा त्याच्याकडून अजून घेता येते.